न्या तोमासाचं वैधव्य

न्या तोमासाचा नवरा लिबोरियो वारला, तेव्हा नवव्या दिवसाच्या प्रार्थनेच्या चिपा मीच भाजल्या होत्या. त्यानंतर तो चांगला छत्तीस वर्षं जगला.

हे मी थट्टेने सांगत नाही. आमच्या राजधानीत, असुन्सियोनात, एकाच जनरलने आमची उमेदीची सगळी वर्षं खाल्ली, आणि त्याच्या राज्यात जिवंत राहायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे मरून जाणं. तो मार्ग फार थोड्यांना सुचला. तोमासाला सुचला, कारण तिचं डोकं बाजारात तयार झालेलं होतं.

आमची वस्ती नदीकाठी, शहराच्या पायाशी. वर कॅथेड्रल, कचेऱ्या आणि साहेबलोक. खाली पत्र्याच्या खोपट्या आणि आम्ही. वरचं सांडपाणी आमच्याकडे येतं आणि वरच्या बातम्याही येतात, दोन्ही अंमळ उशिराच. मी ब्लासिया, चिपा भाजते. चीज आणि बडीशेप घालून भट्टीत भाजलेल्या या कड्या टोपलीत भरायच्या, टोपली डोक्यावर घ्यायची आणि बसथांब्यावर ओरडून विकायच्या. धंदाच ओरडायचा, त्यामुळे माझा आवाज मोठा आणि तोंडही मोठं. तोमासाची, मानाने म्हणायचं तर न्या तोमासाची, खोपटी माझ्या भट्टीला लागून होती. माझा धूर आयुष्यभर तिच्या घरात गेला, पण तिने कधी हूं की चूं केलं नाही.

बाई ठेंगणी, मानेला जाड, पायांत पुरुषी सपाता. सकाळच्या लाँचने नदीपलीकडे आर्जेन्टिनाच्या क्लोरिंदा गावी जायची आणि दुपारी पीठ, तेल, कांदे घेऊन परतायची. जकातनाक्यावरून येताना तिचा घेरदार परकर जराही हलत नसे, कारण आत तेलाचे डबे बांधलेले असत. सरकार याला तस्करी म्हणायचं. पण सरकारातल्या साहेबांच्या बायकाही स्वस्त तेल तिच्याकडूनच घ्यायच्या, त्यामुळे कुणी फार खोलात शिरत नसे.

जनरल आला तेव्हा मी लग्नाच्या वयाची होते. त्याआधी आमच्याकडे राष्ट्राध्यक्ष इतक्या भराभर बदलत, की शाळेतले मास्तर त्यांची नावं पाठ करून घ्यायच्या फंदात पडत नसत. हाही असाच वर्ष-दोन वर्षं टिकेल, असं सगळे म्हणाले. आधी त्याची तसबीर दुकानांत पवित्र मातेच्या शेजारी लागली, मग मातेच्या वर लागली. नोकरी हवी तर त्याच्या पक्षाचं कार्ड दाखवा, दवाखान्यात खाट हवी तर कार्ड दाखवा. त्याच्या वाढदिवसाला गळ्यात लाल रुमाल बांधून उन्हात उभं राहा. दर पाच वर्षांनी निवडणूक व्हायची आणि दर वेळी तोच निवडून यायचा. लोक मतं मोजायच्या आधीच फटाके आणून ठेवत.

आणि होते केसाळपाये. सरकारच्या कानांना आम्ही हे नाव दिलं होतं, कारण केसाळ पायांचा आवाज होत नाही. आमच्या गल्लीतला केसाळपाया म्हणजे डॉन एपिफानियो न्हावी. माणूस गोड. तुमच्या गळ्याशी वस्तरा धरून तो तुम्हाला प्रेमाने विचारायचा, मग, काय म्हणतात लोक? 

लिबोरियो बंदरावर हमाल होता. हसरा, बडबड्या, हातात गिटार आली की सोडायचा नाही. हमालांनी संप केला तेव्हा तो पिंपावर उभा राहून बोलला. काय बोलला ते आता कुणाला आठवत नाही. पण पिंपावर उभा राहिला एवढं एपिफानियोला पुरलं. दुसऱ्याच दिवशी पोलीस तोमासाच्या दारात. तो घरी नव्हता. मग ते रोज येऊ लागले. तोमासाची आई अंथरुणाला खिळलेली, तर तिला खाटेसकट उचलून खाली शोधायचे. तोमासाने आधी हे पाहिलं होतं. शेजारच्या गल्लीतला एकजण पलीकडे पळून गेला होता, तर त्याच्या बायकोला आठवड्याच्या आठवड्याला ठाण्यावर बोलावत, आणि ती परत यायची तेव्हा कुणाशी बोलत नसे. पळालेल्याच्या घरावर डोळा राहतो. मेलेल्याच्या घरावरून उठतो.

एका सकाळी लिबोरियोची होडी वाहत वस्तीच्या धक्क्याला लागली. आत त्याची टोपी, सदरा आणि एक बूट. एकच बूट, ही तोमासाची अक्कल. दोन्ही बूट नीट ठेवलेले दिसले तर माणूस काढून निघून गेला असं वाटतं; एकच दिसला तर बुडाला असं वाटतं. हे तिने मला सांगितलं ते तीस वर्षांनी. त्या दिवशी तिने धक्क्यावर बसून असा टाहो फोडला की मी भट्टी तशीच सोडून धावले. तिला मिठीत घेतलं तेव्हा तिच्या हातांना कांद्याचा उग्र वास येत होता. बाजारातून आली असेल बिचारी, एवढंच माझ्या मनात आलं. 

एपिफानियोने वर जाऊन सांगितलं, बुडाला, मी स्वतः होडी पाहिली. वरून त्याला शाबासकी मिळाली. पोलीस यायचे थांबले.

माणूस पाण्यात गेला आणि देह मिळाला नाही, तर आमच्याकडे काठावर क्रूस उभा करतात. त्याच्या हातांवर पांढरं कापड टाकायचं आणि दर सोमवारी मेणबत्ती लावायची, कारण सोमवार मेलेल्यांचा वार. तोमासाने तेही सगळं रीतसर केलं. काळे कपडे घातले. दर सोमवारी मेणबत्ती लावली. आणि बाकीचे सहा दिवस टोपली घेऊन पलीकडे गेली, जिथे क्लोरिंदाच्या बाजारात ‘डॉन बेनितो’ नावाचा एक माणूस कांदे विकत बसलेला असायचा. आई उठू शकत नव्हती, म्हणून तोमासाला कायमचं तिकडे जाता येईना. आणि बायको बिऱ्हाड घेऊन कुणाकडे गेली हे केसाळपायांनी दोन दिवसांत हुडकलं असतं. पलीकडून माणसं उचलून आणायलाही ते मागेपुढे पाहत नसत. तेव्हा त्यांचा संसार कांद्याच्या पोत्यांआड, बाजाराच्या वेळात झाला. 

इथवर सगळं तिच्या हिशोबाने चाललं. पुढे जे झालं ते कुणाच्याच हिशोबात नव्हतं.

माझं डुक्कर हरवलं. गाभण डुकरीण, सगळी पुंजी. मी त्या क्रूसापाशी जाऊन म्हटलं, लिबोरियो, तुझ्या नवव्याला मी फुकट चिपा भाजल्यात, तेवढी आठवण ठेव. संध्याकाळी डुकरीण परत आली. मी ही गोष्ट माझ्या आवाजात सगळ्या बसथांब्यांवर सांगितली. मग काय, लोक येऊ लागले. कुणाचा ताप उतरला, कुणाचा नवरा दारू सोडून आला, निदान पंधरवड्यापुरता तरी. पाण्यात गेलेला आत्मा तहानेला असतो आणि तहानेला आत्मा लवकर ऐकतो, असं आमच्याकडे मानतात. एपिफानियोची बायको न्या ओबदुलिया, वस्तीत प्रार्थना म्हणणारी बाई, तिला लग्नाला दहा-बारा वर्षं होऊन मूल नव्हतं. तिने नवस केला, आणि वर्षाच्या आत मुलगा झाला. तिने त्याचं नाव ठेवलं लिबोरियो.

म्हणजे बघा. ज्याला न्हाव्याने पकडून द्यायला पाहिलं, त्याच्याच नावाने न्हाव्याच्या पोराचं बारसं झालं. एपिफानियो स्वतः दर सोमवारी मेणबत्ती घेऊन यायचा, क्रूसाला रंग द्यायचा, गवत काढायचा. तोमासाकडे वाकड्या डोळ्याने पाहायची कुणाची बिशाद नव्हती. आणि ती बिचारी आत कुढत होती. तिने पाद्रीबाबांना कबुलीत सांगितलं, बाबा, लोक माझ्या खोटेपणाला मेणबत्त्या लावतात, हे पाप कुणाच्या डोक्यावर? बाबा म्हणाले, पत्ता चुकला तरी प्रार्थना जिथे जायची तिथे पोचते, तू कांदे आण. 

मग तिला दिवस गेले.

सामान्य विधवेला दिवस गेले असते तर वस्ती आठवडाभर बोलली असती आणि विसरली असती. आमच्याकडे बिनबापाची पोरं काही दुर्मीळ नाहीत. पण ही आमच्या पावणाऱ्या आत्म्याची विधवा. लोकांना वाटलं, हिने आपल्या सगळ्यांच्या नवसाला बट्टा लावला. पाणवठ्यावर बायका तिला जागा देईनात. ओबदुलिया सगळ्यांदेखत म्हणाली, “तो वरून सगळं बघतोय हो, तोमासा. थोडी तरी लाज धर.”

मला राग आवरत नाही. मी म्हटलं, “त्याची तक्रार नाही, तर तुझी का गं? पोर मागायच्या वेळी तो कामात नव्हता, आता बायकोची चौकशी करायला त्याला तू लागतेस?”

तोमासाने हंडा उचलला आणि गेली. तिच्या जागी मी असते तर पहिल्याच टोमण्याला सगळं ओकून टाकलं असतं, आणि नवरा गेला असता तो खरोखरचा गेला असता.

मुलगी झाली. मिर्ता. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाच्या नावाची जागा कोरी राहिली. शाळेत पोरं तिला म्हणायची, तुझा बाप नदीतला मासा. ती ऐकून घेणारी नव्हती, दोघांचे दात पाडून आली. सुट्टीत आई तिला टोपली धरायला पलीकडे न्यायची. तिथला कांदेवाला बेनितोमामा तिला फार आवडायचा. शेंगदाण्याची गुळातली चिक्की तो दाताने तोडायचा आणि मोठा तुकडा तिला द्यायचा. दर सुट्टीत तिला पालाच्या खांबाला पाठ लावून उभी करायचा आणि डोक्याच्या उंचीवर चाकूने खूण करायचा. “मी वाढले की नाही हे एकट्या त्यालाच बघायचं असतं,” असं ती मला सांगायची. मला त्यात काही वेगळं दिसलं नाही. कांदेवाले मनाने चांगले असतात, असं मी धरून चालले.

पंधरा वर्षांची झाली तेव्हा तिने आईला धरलं. पत्र्याच्या भिंतीतून मला शब्दन्‌शब्द ऐकू येत होता.

“माझा बाप कोण?”

“चांगला माणूस आहे.”

“आहे ना? मग नाव सांग.”

“नाही सांगता येत, पोरी.”

“म्हणजे तुलाच माहीत नाही,” मिर्ता म्हणाली. 

पोरीचं तोंड माझ्यासारखं, रागात काय बोलेल याचा नेम नाही. एक नाव वर्गात निसटलं की संध्याकाळी न्हाव्याच्या कानात, आणि सकाळी वर. म्हणून तोमासाने तो घाव अंगावर घेतला. मिर्ता कपडे बांधून वरच्या शहरात शिवणकामाला गेली. कामही कुठे मिळालं, तर एका कर्नलच्या बायकोच्या घरी, म्हणजे आता तिला सांगायची वाटच बंद. ती सणासुदीला यायची, आईच्या हातात काहीतरी ठेवायची आणि दारातूनच परत जायची. तोमासा तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे ज्या नजरेने बघायची ती नजर मला सहन होत नसे. मी भट्टीत लाकडं सारत बसायची.

वर्षं अशीच गेली. मोठा पूर आला, नदी वस्तीत शिरली, तेव्हा लोकांनी स्वतःच्या खाटांच्या आधी तो क्रूस खांद्यावर घेतला आणि कॅथेड्रलसमोरच्या चौकात नेऊन उभा केला. पुढे एपिफानियो, मागे मी, चिखल गुडघ्यापर्यंत. तोमासा तोंडात काळ्या शालीचं टोक कोंबून थरथरत होती. सगळ्यांना वाटलं रडतेय. मी जवळून पाहिलं, ती हसत होती. वेड लागलं असं वाटून मी तिला दोन घोट तेरेरे, आमचा गार पाण्यातला पाल्याचा चहा, पाजलं.

जनरल म्हातारा झाला. तसबिरीतला मात्र तरुणच राहिला. त्याच्या राज्यात जन्मलेली पोरं आता आजोबा व्हायच्या बेतात आली. हा मरणारच नाही अशी आमची खात्री पटली होती, आणि खरं सांगते, मी त्याबद्दल रागवायचंसुद्धा सोडून दिलं होतं. 

मग फेब्रुवारीच्या सुरुवातीला, संत ब्लासच्या सणाच्या आदल्या रात्री, वरच्या शहरात धडाधड बार उडू लागले. संत ब्लास आमच्या देशाचा राखणदार, घशाच्या दुखण्यांचा संत, आणि माझं नाव त्याचंच. आम्ही कूस बदलली आणि म्हणालो, यंदा सणाला दारूकामाचा खर्च दणकून केलेला दिसतो. तोफा होत्या त्या. सकाळी रेडिओ लावला तेव्हा कळलं, जनरल गेला. आणि कुणी घालवला? बंडखोरांनी नाही, संपवाल्यांनी नाही, त्याच्याच सैन्यातल्या दुसऱ्या जनरलने, जो त्याचा व्याही होता. मुलाचा सासरा. अख्ख्या देशाला जो हलला नाही त्याला व्याह्याने हलवला. पाणवठ्यावर बायका म्हणाल्या, लग्नातला मानपान नीट झाला नसेल.

मी त्या सकाळी चिपा विकल्या नाहीत. टोपली रस्त्यात ठेवली आणि म्हटलं, घ्या. लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते, मोठ्याने बोलत होते, कुठलंही काहीही, नुसतं मोठ्याने. कर्नलांच्या बंगल्यांसमोर गाड्या भरल्या जात होत्या. एपिफानियोने दुकानातली तसबीर काढली, आणि भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा राहिला. माझ्या छातीवरून कुणीतरी जातं उचलल्यासारखं झालं. ते इतकी वर्षं तिथे होतं हेही मला उचलल्यावरच कळलं.

तोमासा तेवढी मला सारखी विचारत राहिली, नक्की गेला ना? विमानात बसला ना? परत नाही ना येणार? हिला जनरलची एवढी काय पडलीय, मला समजेना. नदीवरच्या लाँचही बंद होत्या, आणि ती धक्क्यावर जाऊन उभी राहायची.

सोमवार आला. कुणी बोलावलं नव्हतं, पण दुपारपासून लोक क्रूसापाशी जमू लागले, प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती. तेव्हा उघडकीला आलं, की वस्तीतल्या जवळजवळ प्रत्येकाने गुपचूप, एकमेकांना पत्ता लागू न देता, एकच नवस केला होता: हा जनरल जाऊ दे. मीही केला होता. बाजूला उभी असलेली एक बाई हसून म्हणाली, “तू पण? आणि मी तुझ्या तोंडाच्या भीतीने रांगेत शेवटी यायची गं.” आम्ही हसता हसता रडलो. एपिफानियोसुद्धा कोपऱ्यात उभा होता, मान खाली घालून. त्याला त्या दिवशी कुणी मारलं नाही, कारण क्रूसापाशी मारामारी करत नाहीत.

मिर्ता आली होती. कर्नलचं घर रिकामं झालं होतं, आणि आई धड आहे का ते बघायला ती खाली उतरली होती. आईपासून चार हात लांब, माझ्या शेजारी उभी राहिली.

ओबदुलियाने प्रार्थना सुरू केली. लिबोरियोच्या आत्म्याला, प्रभो, चिरशांती दे. आम्ही सगळे म्हणालो, आमेन. आमच्या मागून एक जाडाभरडा पुरुषी आमेन थोडा उशिरा आला. त्या आवाजाने तोमासा जागच्या जागी फिरली.

लाँच सुरू झाल्या होत्या. पहिल्याच लाँचने एक पिकल्या केसांचा म्हातारा उतरला होता, पाठीवर कांद्याचं पोतं. जनरल गेल्यावर मीच तुला न्यायला येईन, तोवर पाऊल टाकू नकोस, असं तोमासाने त्याला बजावून ठेवलं होतं. पण त्याला दम निघाला नाही. काठावर गर्दी दिसली, प्रार्थना दिसली. कुणीतरी गेलं असेल म्हणून बापडा टोपी काढून मागे उभा राहिला आणि सगळ्यांबरोबर स्वतःसाठी शांती मागू लागला.

“अगं बाई,” मिर्ता माझ्या कानात म्हणाली, “हा तर आमचा कांदेवाला, बेनितोमामा. हा इकडे कसा?” तिचा चेहरा लहान पोरीसारखा उजळला होता.

तोमासा गर्दीतून पुढे आली. तीस वर्षं दाबून ठेवलेला तिचा आवाज, मला वाटलं फुटेल. पण ती रोजच्यासारखीच बोलली.

“मिर्ता, नुसती बघत काय राहिलीस? तुझ्या वडिलांच्या पाठीवरचं ओझं घे.”

मग जुन्या माणसांनी त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि एकेकाच्या हातातली मेणबत्ती विझली. मिर्ताने एकदा आईकडे, एकदा त्याच्याकडे, पुन्हा आईकडे बघितलं. मग ती गेली ती पोत्याकडे गेलीच नाही. आईच्या पायाशी चिखलात बसली आणि तिच्या काळ्या परकरात तोंड खुपसून म्हणाली, “मी तुला काय काय बोलले गं.” तोमासा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणत राहिली, बोललीस ते बरं झालं, सगळ्यांना खरं वाटलं. आणि पोतं खाली ठेवून म्हातारा दोघींपाशी वाकला. मिर्ताला उठवलं, सवयीने तिच्या टाळूवर हाताचा पंजा आडवा धरला आणि ती किती वाढली ते बघितलं.

ओबदुलियाला घेरी आली होती. शुद्धीवर आली तशी ती तरातरा लिबोरियोसमोर उभी राहिली. “तुम्ही जिवंत आहात, तर माझा मुलगा कुणी दिला?”

“बाई,” तो घाबरून म्हणाला, “मी तर पलीकडे कांदे विकत होतो.”

वस्ती अशी हसली, की वरच्या कचेऱ्यांपर्यंत ऐकू गेलं असेल. फसवलं म्हणून कुणी चिडेल ही तोमासाची भीती फुकटच गेली. ज्या आठवड्यात पस्तीस वर्षांचं खोटं उतरलं, त्या आठवड्यात तिचं हे छोटं खोटं आम्हाला कुठे बोचणार? एकटी मी चिडले, हंगामा केला. म्हटलं, भिंतीला भिंत आपली, आणि मला सांगितलं नाहीस? माझ्यावर तुझा विश्वास नव्हता?

“तुझ्यावर होता, ब्लासिया,” ती म्हणाली. “तुझ्या तोंडावर नव्हता.”

मी चिपा भाजायला गेले.

एपिफानियोची आणि त्याची गाठ पडली ती त्यानंतर थोड्या दिवसांनी, क्रूसापाशीच. मी जवळच होते. लिबोरियोने शांतपणे विचारलं, तू म्हणे इतकी वर्षं माझ्यासाठी मेणबत्ती लावत होतास, काय मागायचास रे? न्हाव्याने पायाकडे बघत उत्तर दिलं, “तुम्ही खरंच मेला असावात, एवढंच. वर मीच सांगितलं होतं ना, बुडाला म्हणून. तुम्ही कुठे दिसला असतात, तर माझी मान गेली असती.” लिबोरियो मग म्हणाला, “तेवढं सोडून सगळ्यांचं मागणं पुरं झालं म्हणायचं.” त्याने त्याला माफ केलं का, मला माहीत नाही. पण पुढे कधी त्याच्याकडे दाढी केली नाही.

तोमासाने काळे कपडे उतरवले आणि एक पिवळा पोलका शिवून घेतला. मिर्ताने शिवला. म्हातारपणी पुन्हा नवऱ्याबरोबर एका छपराखाली झोपायची वेळ आली, तर आठव्या दिवशी माझ्याकडे तक्रार घेऊन आली: घोरतो गं फार, मेलेला होता तेव्हा निदान झोप तरी लागायची. हे सांगताना तिचं तोंड असं फुललेलं, की मीच लाजले. मिर्ताच्या लग्नात बापाने तिला हाताला धरून वेदीपाशी नेलं आणि नोंदीतली कोरी जागा भरली गेली. त्याआधी तो क्लोरिंदाला जाऊन पालाचा तो चाकूच्या खुणांचा खांब उपटून घेऊन आला होता. अजून त्यांच्या दाराला आहे.

क्रूस लोकांनी काढू दिला नाही. लिबोरियो त्याच्या शेजारी बसून जाळी विणायचा, आणि लोक त्याच्यादेखत त्याच्या आत्म्याला साकडं घालून जायचे. मी बाबांना विचारलं तर म्हणाले, चालू दे, देवाची ऐकायची सवय मोडू नका.

मग एका हिवाळ्यात तो झोपेतच गेला. या वेळी देह होता, पेटी होती, सगळं होतं. मिर्ताने क्रूसासाठी नवं पांढरं कापड शिवलं आणि त्याच्या काठावर स्वतःचं नाव भरलं, बापाच्या नावासकट. नवव्या दिवसाच्या चिपा पुन्हा मीच भाजल्या. तोमासा धक्क्यावर बसून रडत होती, आवाज न करता. मी तिचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांना साबणाचा वास येत होता, कांद्याचा नव्हता.